जुनी पिकअप, नवं डिझेल: हिशेब फेऱ्यांचा

अमेरिकेत जुन्या पिकअपला डिझेल इंजिन बसवणाऱ्यांच्या बोलण्यात 'ब्रेड ट्रक' हा शब्द हमखास येतो. दुकानोदुकानी पाव आणि वेफर्स पोचवणाऱ्या त्या चौकोनी, उंच व्हॅन. त्यांतल्या कित्येकींमध्ये कमिन्सचं चार सिलिंडरचं ४बीटी इंजिन असे. थांबायचं, माल उतरवायचा, निघायचं, पुढच्या चौकात पुन्हा थांबायचं, असं दिवसभर आणि वर्षानुवर्षं. व्हॅन थकून भंगारात गेली तरी इंजिन चालूच असायचं. १९५० च्या दशकातली शेव्हरोले किंवा फोर्ड पिकअप ज्याच्या परसात उभी होती आणि जिचं मूळ इंजिन धूर ओकत होतं, त्याची नजर या इंजिनावर पडली. तिथून जी हौस सुरू झाली तिला आता तीसेक वर्षांचा अनुभव जमा झाला आहे. हा बदल कुठे फळाला येतो आणि कुठे फसतो, हे सांगता येईल इतका.

आधी हे स्पष्ट करायला हवं की डेट्रॉइटला डिझेलचं प्रेम उशिरा जडलं, आणि पहिला अनुभव वाईट होता. १९७३ आणि १९७९ च्या तेलटंचाईच्या मधल्या काळात, १९७८ मध्ये, जनरल मोटर्सनं ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं व्ही-८ डिझेल बाजारात आणलं आणि ते अर्ध्या टनाच्या पिकअपमध्येही दिलं. डिझेलमध्ये दाब पेट्रोल इंजिनाच्या दुपटीहून जास्त. पण हेडचे बोल्ट पेट्रोल इंजिनाच्याच मांडणीचे ठेवले होते. ते ताणले जात, गॅस्केट फुटे. डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारा सेपरेटर नसल्यामुळे पंप आणि नोजल गंजत. हजारो मालकांनी ते डिझेल उतरवून तिथे पेट्रोलचं इंजिन बसवून घेतलं. म्हणजे अमेरिकेतल्या पेट्रोल-डिझेल अदलाबदलीची पहिली मोठी लाट उलट दिशेची होती. १९८५ मध्ये ते इंजिन बंद झालं, पण सामान्य अमेरिकी ग्राहकाच्या मनातली डिझेलबद्दलची अढी बराच काळ टिकली.

ती अढी पिकअपवाल्यांपुरती सैल केली डॉजनं. १९८९ मध्ये त्यांनी कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं ६बीटी इंजिन पिकअपमध्ये दिलं: १६० अश्वशक्ती आणि ४०० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन-मीटर टॉर्क. हे इंजिन मुळात ट्रॅक्टर, लोडर आणि मालट्रकांसाठी घडवलेलं. टायमिंगला पट्टा किंवा साखळी नाही, थेट दातेरी चाकं. ब्लॉक ओतीव लोखंडाचा. ४बीटी हा त्याचाच धाकटा भाऊ. बोअर तेच, स्ट्रोक तोच, दोन सिलिंडर कमी. बरेचसे भाग एकमेकांना चालतात, आणि ही गोष्ट हौशी माणसाला फार मोलाची वाटते.

इथे एक शब्द तपासून घेतला पाहिजे. या विषयात 'आधुनिक डिझेल' सर्रास म्हटलं जातं, पण सगळ्यात जास्त बसवलं गेलेलं इंजिन १९८० च्या दशकातल्या आराखड्याचं आहे. त्याचा फ्युएल पंप पूर्ण यांत्रिक. इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडला वीज मिळाली की काम भागलं. जुन्या गाडीला त्याचं पटतं ते याच साधेपणामुळे. खऱ्या अर्थानं आधुनिक डिझेलची, म्हणजे कॉमन रेल, संगणकी नियंत्रण आणि एक्झॉस्टमधल्या गाळण्या असलेल्या डिझेलची गोष्ट वेगळी. तिच्याकडे पुढे येतोच.

या सगळ्या अनुभवातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. बहुतेक लोक इंजिनाबद्दल वर्षभर विचार करतात आणि मागच्या आसाच्या हौसिंगमधल्या क्राउन-पिनियनबद्दल एक दुपारसुद्धा नाही. फसलेले बदल बहुतेक इथेच फसलेले असतात.

हिशेब मांडून पाहू. १९५३ ची शेव्हरोले ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप घ्या. तिचं मूळ इंजिन २१६ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, ९२ अश्वशक्तीचं. वरचा गिअर थेट, आणि क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ४.११, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनाच्या चार फेऱ्यांहून थोड्या अधिक. चाक ३० इंच व्यासाचं धरलं तर त्याचा घेर सुमारे २.३९ मीटर, आणि एका किलोमीटरला ४१८ फेऱ्या. ताशी १०० किलोमीटरच्या वेगाला चाक मिनिटाला जवळपास ७०० वेळा फिरेल आणि इंजिन सुमारे २,८६० वेळा.

आता तिथे ४बीटी बसवा. या इंजिनाची १०५ अश्वशक्ती मिळते २,५०० फेऱ्यांना, आणि गव्हर्नर तिथून फार पुढे जाऊ देत नाही. त्याच हौसिंगवर २,५०० फेऱ्यांना गाडीचा वेग भरतो ताशी ८७ किलोमीटर. म्हणजे हजारो डॉलर घालून, पाच-सहा महिने गॅरेजमध्ये घालवून, गाडी हायवेवर आधीपेक्षा मागे पडली. शिवाय त्या वेगाला लिटरभराचा एकेक सिलिंडर धडधडत असताना केबिनमध्ये शेजारच्याशी बोलणं होत नाही. मग माणूस म्हणतो, डिझेल आवाज करतं, डिझेलला पळ नाही. खरं तर इंजिन आपल्या जागी बरोबर आहे, त्याला चुकीच्या फेऱ्यांत डांबलं आहे.

उपाय दोन. हौसिंगचं गुणोत्तर ३.०७ च्या आसपास आणायचं, की त्याच १०० च्या वेगाला फेऱ्या २,१४० वर उतरतात. किंवा ०.७३ चा ओव्हरड्राइव्ह असलेला पाच गिअरचा बॉक्स लावायचा. न्यू व्हेंचरचा एनव्ही४५०० हा यातला नावाजलेला. तेव्हा ४.११ ठेवूनही फेऱ्या २,१०० च्या खाली येतात. दुसरा उपाय मला जास्त पटतो. खालच्या गिअरांत ओढ शाबूत राहते आणि रस्ता मोकळा मिळाला की इंजिन शांत होतं. पण या शेव्हरोलेत आणखी एक मेख आहे. १९५५ च्या सुरुवातीपर्यंत अर्ध्या टनाच्या गाडीत जॉइंट शाफ्ट उघडा नव्हता, एका जाड नळीत बंद होता. ती नळी गिअरबॉक्सला बोल्टनं जोडलेली आणि हौसिंगचा धक्का तीच पुढे पोचवणारी. दुसरा गिअरबॉक्स लावायचा तर ही नळी जाते. नळी गेली की हौसिंग बदलावं लागतं, आणि हौसिंग बदललं की ते धरून ठेवायला मागचे पाटे आणि त्यांच्या बैठका नव्यानं बघाव्या लागतात. एक बोल्ट सोडायला गेलं की असा अर्धा सांगाडा हातात येतो. नवं हौसिंग तसंही लागतंच, कारण ४बीटीचा २६५ पाउंड-फूट टॉर्क मूळ इंजिनाच्या दीडपट आहे आणि तो डिझेलच्या ठोक्यांनी येतो, सलग येत नाही. जुनं पिनियन आणि क्रॉस हे ठोके फार दिवस सोसत नाहीत.

ठोक्यांवरून वजनाकडे. ४बीटी साडेतीनशे किलोच्या आसपास भरतं, ६बीटी पाचशेच्या घरात जातं. अमेरिकी हौशींना सगळ्यात परिचित असलेलं शेव्हरोलेचं छोटं व्ही-८ पेट्रोल इंजिन अडीचशे किलोच्या थोडंच वर. ६बीटी शोभतं ते पाऊण किंवा एक टनाच्या गाडीत, जिची चेसी रुंद पट्टीची आहे आणि पुढचा आस जाड आहे. अर्ध्या टनाच्या गाडीत ते कोंबलेली उदाहरणं मी छायाचित्रांत पुष्कळ पाहिली. बॉनेट बंद होतं, फोटो छान येतो, पण पुढचे पाटे सपाट झालेले असतात, आणि स्टीअरिंगचा बॉक्स बिचारा मूळ वजनासाठी केलेला. चार सिलिंडरांच्या इंजिनाला वजन कमी असलं तरी हादरा जास्त. सहा सिलिंडर एका ओळीत असले की हलणाऱ्या वस्तुमानांचे झोके एकमेकांना खोडून टाकतात. चारांत एक झोका, फेरीच्या दुप्पट गतीचा, उरतोच. म्हणून ४बीटीचं माउंटिंग मऊ रबरावर किंवा द्रव भरलेल्या बैठकीवर हवं. चेसीला थेट आवळून बसवलं तर वर्षभरात आरसे, दारांच्या बिजागऱ्या आणि रेडिएटरचे टाके एकेक करून सैल होतात.

ब्रेकचा प्रश्न सगळ्यात गंभीर आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये थ्रॉटलमुळे निर्वात तयार होतो आणि ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून तो निर्वातही नसतो. वेगळा व्हॅक्युम पंप लावावा लागतो, किंवा पॉवर स्टीअरिंगच्या तेलदाबावर चालणारा हायड्रोबूस्ट. त्याच कारणानं पाय काढल्यावर गाडीला रोखणारं इंजिनाचं ब्रेकिंगही डिझेलमध्ये दुबळं असतं. त्यात १९६७ च्या आधीच्या बहुतेक अमेरिकी पिकअपना ब्रेकची एकच तेलवाहिनी. ती फुटली की चारही चाकं मोकळी. मागे बोट ओढायची आणि घाट उतरायचा तर पुढे डिस्क आणि दोन वाहिन्यांचा मास्टर सिलिंडर याला पर्याय नाही. इंजिन बसवायच्या आधी हे काम करावं असं मी म्हणेन. गाडी एकदा सुरू झाली की ती चालवायचा मोह आवरत नाही.

डिझेलची टाकी, परतीची नळी, पाणी वेगळं करणारा फिल्टर, मोठा रेडिएटर, इंटरकूलरसाठी जाळीमागची जागा ही कामं कष्टाची आहेत, पण त्यांत गूढ काही नाही. एवढंच ध्यानात ठेवावं की सत्तर वर्षांच्या टाकीतला गंजाचा कण यांत्रिक पंप एखाद्या वेळी पचवेल. कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर असतो आणि नोजलमधल्या फटी मायक्रॉनच्या. तिथे तोच कण इंजिन बंद पाडतो.

आता खऱ्या आधुनिक डिझेलकडे. २०१७ मध्ये कमिन्सनं आर२.८ हे इंजिन खोक्यात बांधून सामान्य ग्राहकाला विकायला सुरुवात केली. २.८ लिटर, चार सिलिंडर, १६१ अश्वशक्ती, वजन अवघं २३० किलोच्या आसपास. ४बीटीपेक्षा शंभर किलोंहून हलकं आणि ताकदीनं दीडपट. सोबत कंट्रोल युनिट, वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक पेडलही येई. चीनमधल्या फोटॉन-कमिन्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या इंजिनाला जुन्या हलक्या वाहनांत बसवण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं, ईपीएचं, प्रमाणपत्र मिळालेलं होतं. हौशींच्या दृष्टीनं ही मोठी घटना होती, कारण त्याआधी आधुनिक डिझेल म्हणजे अपघातात गेलेल्या गाडीतून काढलेलं. त्याचा संगणक मूळ गाडीची किल्ली, ब्रेकचं युनिट आणि डॅशबोर्ड शोधत बसायचा आणि ते न सापडल्यास इंजिन सुरूच होऊ द्यायचा नाही. छोट्या पिकअपसाठी, जुन्या टोयोटा किंवा डॅटसनसाठी, फोक्सवॅगनचं १.९ लिटरचं टीडीआय याच वाटेनं आलं. ९० अश्वशक्ती, पण छोट्या गाडीला अगदी मापात.

अडचण सुरू होते ती २००७ नंतरच्या अमेरिकी डिझेलपासून. तेव्हापासून काजळीची गाळणी आली, २०१० च्या सुमारास युरियाचं द्रावण फवारून नायट्रोजनची ऑक्साइड्स कमी करणारी यंत्रणा आली. असं इंजिन १९५० च्या गाडीत घ्यायचं तर ही सगळी साखळी बरोबर घ्यावी लागते: टाक्या, सेन्सर, गाळणी तापवून साफ करण्याचं चक्र. जागा नाही म्हणून, किंवा कटकट नको म्हणून, अनेकजण ती काढून टाकतात आणि संगणकाला खोटं सांगणारा प्रोग्रॅम घालतात. हे मला मान्य नाही. कायद्याचा भाग बाजूला ठेवला तरी मान्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. काळा धूर सोडून मागच्या सायकलवाल्याला गुदमरवणं ही हौस होऊ शकत नाही.

कायद्याकडे पाहिलं तर ईपीएची भूमिका सरळ आहे. बदललेली गाडी तिच्याच वर्षाच्या किंवा त्यानंतरच्या एखाद्या प्रमाणित गाडीइतकी तरी स्वच्छ असली पाहिजे. त्याच्या वर प्रत्येक राज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, १९९७ आणि त्याआधीच्या डिझेललाही आहे. पण सूट तपासणीतून आहे, नियमांतून नाही, आणि या फरकावर बरेचजण घसरतात. कागदपत्रांचा एक जुना सापळाही ठाऊक असावा. १९५० च्या दशकापर्यंत अनेक राज्यांत गाडीची नोंदणी इंजिनाच्या क्रमांकावर होत असे. इंजिन गेलं की कागदोपत्री गाडीच गेली. चेसीचा क्रमांक शोधून, नोंद दुरुस्त करून मगच पान्याला हात लावावा.

पैशांचं गणित मांडलं तर डिझेलच्या बाजूचा युक्तिवाद बराच पातळ होतो. डिझेल कमी पितं हे खरं. जुन्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन सात पटीच्या आत, डिझेलचं सतरा पटीच्या पुढे, थ्रॉटलचा अडथळा नाही, शिवाय लिटरभर डिझेलमध्ये ऊर्जाही दहाएक टक्के जास्त. पाच किलोमीटर देणारी गाडी नऊ देऊ लागली असं समजू. वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्याचं इंधन १,६०० लिटरवरून ९०० वर येईल. वाचले ७०० लिटर. अमेरिकेत डिझेल बहुतेक काळ पेट्रोलपेक्षा महाग, तेव्हा वाचलेले डॉलर आणखी कमी. इंजिन, गिअरबॉक्स, हौसिंग, ब्रेक आणि मजुरी मिळून खर्च पंधरा हजार डॉलरवर गेला तर तो फिटायला वीस वर्षं पुरायची नाहीत. बचतीसाठी हा उद्योग करू नये. जड ट्रेलर लांबवर ओढणाऱ्याला, डोंगरात किंवा शेतावर रोज गाडी वापरणाऱ्याला तो शोभतो. तिथे कमी फेऱ्यांतला टॉर्क रोज कामाला येतो.

जिला फक्त हायवेवर निवांत पळायचं आहे अशा गाडीला पेट्रोलमध्येच बरे रस्ते आहेत. त्या १९५३ च्या शेव्हरोलेचंच बघा. तिच्या २१६ इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडना तेल दाबानं मिळत नाही, शिंतोड्यांनी मिळतं. सलग वेगाला ते दमतं, आणि मालकाला वाटतं की इंजिन बदललंच पाहिजे. पण त्याच घराण्यातलं १९५४ नंतरचं २३५ घनइंची इंजिन, पूर्ण तेलदाबाचं, जवळपास त्याच जागी बसतं. त्याला उघड्या शाफ्टचं उंच गुणोत्तराचं हौसिंग जोडलं की ती पिकअप दिवसभर बिनतक्रार चालते, आणि तिचा मूळ आवाजही राहतो. ज्यांना ताकदच हवी ते जनरल मोटर्सचं १९९७ पासूनचं एलएस व्ही-८ घेतात. संख्येनं तोच बदल आज सगळ्यांत पुढे आहे. विजेचाही दावा उभा राहिला आहे. लास वेगासच्या सेमा प्रदर्शनात शेव्हरोलेनं २०१९ मध्ये १९६२ ची सी-१० विजेवर करून दाखवली, फोर्डनं २०२१ मध्ये १९७८ ची एफ-१००. टॉर्क शून्य फेऱ्यांपासून, आणि धूर मुळीच नाही. ट्रेलर ओढत लांब जायचं तर बॅटरी अजून कमी पडते, म्हणून डिझेलचा तेवढा कोपरा सध्या शाबूत आहे.

मराठी वाचकाला यातलं काहीच परकं वाटणार नाही. कमिन्स हे नाव पुण्यात १९६२ पासून, किर्लोस्कर कमिन्सच्या स्थापनेपासून, घरातलं आहे. आणि 'गाडी डिझेल करून घेणं' हा तर आपल्याकडचा एका पिढीचा उद्योग होता. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं मॅटॅडोरचं इंजिन जीपमध्ये आणि ॲम्बॅसॅडरमध्ये बसवणारे मेस्त्री गावोगाव होते. डिझेल तेव्हा पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त, त्यामुळे आपल्याकडचा हिशेब अमेरिकेच्या उलट होता. वडाप करणाऱ्याचा खर्च खरोखर फिटायचा. त्या मेस्त्र्यांनाही हौसिंगचंच कोडं सोडवावं लागे. लेथवाल्याकडून फ्लँज करून घ्यायची, क्राउन-पिनियन कुठल्या गाडीचं जुळतं ते भंगारात शोधायचं. ही विद्या कुठे लिहून ठेवली गेली नाही याची मला खंत वाटते. आज आपल्याकडे असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेजची नोंद हवी असेल तर ती मूळ रूपातच असावी लागते.

अमेरिकेतल्या ज्या कारागिरांचं काम मला मनापासून आवडतं, ते चेसी कापत नाहीत. नव्या इंजिनाच्या बैठका मूळ छिद्रांवर बोल्टनं बसतील अशा करतात, मधला आडवा पट्टा काढावा लागला तर तो चिठ्ठी लावून जपतात, पुढच्या फळीला नवं भोक पाडायचं टाळतात. मूळ इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडून, प्लगची भोकं बंद करून, ते लाकडी घोडीवर ठेवून शेडच्या कोरड्या कोपऱ्यात झाकून ठेवतात. जुना गिअरबॉक्स आणि ती बंद नळीही त्याच्याच शेजारी.